चिमटा वाकला, पण नेमका कुठे?

कवळ्याच्या वाटेवरच्या उतारावर सायकल गडग्यावर आदळली, तेव्हा मला लागलं ढोपराला आणि सायकलला मानेखाली. हँडल वळत होतं, चाक फिरत होतं, म्हणून तशीच चालवत फोंड्याला घरी आलो. अंगणात उतरून पाहिलं तर मडगार्ड फ्रेमच्या खालच्या नळीला टेकायला आलेलं, आणि वळताना चपलेचा अंगठा मडगार्डला घासत होता. चिमटा, म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क, मागे गेला होता.

ही रॅले कंपनीची सायकल आजोबांची. मागच्या चाकाच्या स्टर्मी-आर्चर हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) ५६ हा आकडा आहे, म्हणजे हब १९५६चा. भारताने गोव्याची नाकेबंदी केली होती त्या काळात ती बोटीने मुरगावला उतरली, असं घरात सांगतात. तेव्हा नवा चिमटा आणून बसवला आणि मोकळा झालो, हा मार्ग मला पटणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी एका वेल्डिंगवाल्याने तोड सुचवली, "गॅसवर लाल करतो, पाच मिनिटांत सरळ." हा प्रकार मी पूर्वी एका जुन्या सायकलवर करून बसलो आहे. तापवलेल्या जागी लोखंड मऊ पडलं आणि तीन महिन्यांत चिमटा तिथेच पुन्हा वाकला. शिवाय चिमट्याच्या वरच्या जोडातली पितळी झाळ त्या आचेने खराब होते ते वेगळंच. जुना पोलादी चिमटा सरळ करायचा तर थंडच करायचा. अॅल्युमिनियमचा किंवा कार्बनचा असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. तो वाकला की भंगारात.

नावं एकदाच सांगून ठेवतो. फ्रेमच्या मानेतून वर जाते ती चिमट्याची नळी. तिच्या खालचा जाड जोड म्हणजे डोकं. तिथून खाली उतरतात ते दोन पाय, आणि पायांच्या टोकाला एक्सल बसतो त्या खाचा. सगळा निर्णय एका प्रश्नावर ठरतो: पाय वाकलेत की नळी? पाय वाकले असतील तर बहुधा सरळ होतात. नळी वाकली असेल तर ती सरळ करायची नाही. डोक्याच्या लगेच वर नळीवर सर्वांत जास्त ताण येतो. तिथे एकदा वाकवून परत सरळ केलेलं लोखंड कधी तुटेल याची काही पूर्वसूचना मिळत नाही, आणि पुढचा चिमटा तुटला की माणूस तोंडावर पडतो.

सायकल उघडण्याआधी

सायकल घोडीवर लावा आणि बाजूने, थोडं लांब उभं राहून बघा. एक सरळ अॅल्युमिनियमची पट्टी फ्रेमच्या मानेला समांतर धरून खालपर्यंत न्या. जुन्या रोडस्टरमध्ये, म्हणजे अशा जुन्या उंच काळ्या सायकलीत, पायांचा वरचा भाग मानेच्या रेषेतच उतरतो, पुढचा बाक खालच्या भागात सुरू होतो. पाय डोक्यापासूनच मागे जाताना दिसले तर वाकल्याची जागा डोक्याजवळ आहे. वरचा भाग रेषेत आणि खालचा बाकच बसलेला दिसला तर मार खाली बसलाय.

आता फ्रेम. मानेच्या लगेच मागे वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाखालून बोट फिरवा. रंगाला सुरकुती, बारीक चिरा किंवा फुगवटा लागला तर फ्रेमही वाकली आहे. मग चिमट्याचं काम दुय्यम ठरतं, आधी फ्रेम एखाद्या जाणत्याला दाखवा. माझं नशीब, काळा एनॅमल जसाच्या तसा होता.

पुढून बघून चाक एका बाजूला दिसलं तर दोष चिमट्यालाच देऊ नका. चाक काढून उलटं बसवा, म्हणजे डावी बाजू उजवीकडे. रिम आधी डाव्या पायाजवळ होती आणि उलटल्यावर उजव्या पायाजवळ गेली, तर चिमटा ठीक आहे, चाकाच्या तारा ओढून रिम मधोमध आणायची गरज आहे. उलटूनही ती डावीकडेच राहिली तर चिमटा तिरका. या दोन मिनिटांच्या तपासणीने मला एकदा भलताच चिमटा वाकवण्यापासून वाचवलंय.

चिमटा बाहेर काढणं

रॉड ब्रेकच्या, म्हणजे तारेऐवजी लोखंडी दांडीने ब्रेक ओढणाऱ्या, सायकलीत आधी पुढचा ब्रेक सोडवा. हँडलखालच्या सांध्याचा स्क्रू सैल करून दांडी मोकळी करायची, मग पायांवरचे ब्रेकचे गाइड. सैल करण्यापूर्वी दांडी सांध्यातून किती बाहेर आहे तिथे खिळ्याने खूण करा, परत जोडताना तास वाचतो. मग चाक, मडगार्डच्या तारा आणि डोक्यातला मडगार्डचा बोल्ट.

हँडलचा वरचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा एक ठोका दिला की हँडलचा दांडा नळीत आवळून धरणारा आतला पाचर सुटायला हवा. सुटायला हवा म्हणतो, कारण गोव्यात तो सहसा सुटत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उरलेले महिने खारी हवा, आणि चिमट्याची नळी बऱ्याच सायकलींत खालून उघडी. चाकाने उडवलेलं पाणी थेट आत जातं. अशा वेळी सायकल उलटी करून नळीत खालून गंज सोडवणारं तेल सोडा, वरूनही सोडा, आणि रात्रभर थांबा. माझ्या सायकलीला दोन रात्री लागल्या. हँडल पिळून काढायचा मोह आवरा. चाक आपल्या पायांत धरून हँडल जोरात फिरवलं तर उरलासुरला सरळ चिमटाही पिळला जातो.

हँडल निघालं की वरचा लॉकनट, त्याखालचा दिव्याचा ब्रॅकेट, मग वायसर, मग वरची वाटी. याआधी सायकलखाली जुनं लुगडं किंवा चादर अंथरा. वाटी सैल झाली की छर्रे घरंगळतात आणि बरोबर गटाराकडे जातात. वरचे आणि खालचे छर्रे वेगवेगळ्या डब्यांत ठेवून मोजा. त्यांचा आकार पुढे नवे आणताना लागतो.

ओट्यावरची मोजणी

कारखान्यात यासाठी सपाट लोखंडी टेबल असतं. आपल्याकडे स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा असतो. घरात कोणी नसताना वापरा.

चिमटा रॉकेलने धुऊन कोरडा करा. नळी ओट्याच्या कडेला आडवी ठेवा, डोकं आणि पाय कडेबाहेर लोंबते राहू द्या. डोक्यावरची खालच्या छर्‍यांची रिंग नळीपेक्षा जाड असते, तीही कडेबाहेरच हवी. मागून मोबाइलचा दिवा लावा आणि नळी हळूहळू गोल फिरवा. नळी आणि दगड यांच्यामधून एका बाजूला उजेडाची फट दिसते, अर्धा फेरा फिरवल्यावर नळी डुगडुगते, तर नळी वाकली. इथेच थांबा आणि बदलण्याच्या भागाकडे जा.

नळी सरळ निघाली तर तिच्यातलं आतलं बघा. पेचकसाचं टोक आतून, विशेषतः पाचर बसतो त्या जागी, दाबून फिरवा. पापुद्रे सुटले तर काळजी नको, टोक रुतलं तर चिमटा संपला. मग तडा शोधायचा. गॅरेजमधला जुना उपाय अजून चालतो: डोक्याचा जोड आणि वाकलेली जागा रॉकेलने ओली करा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने नीट पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरवा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपून पांढऱ्यावर काळपट रेघ उठवतं. रेघ दिसली तर पुढचं काही करू नका. वाकण्याच्या आतल्या बाजूला पत्र्यासारखी घडी पडली असेल, तरीही नाही.

आता पाय. एकसारखे दोन लाकडी ठोकळे घेऊन करवतीने इंग्रजी व्हीसारखी खाच पाडा, त्यांवर नळी आडवी ठेवा. पायांच्या खाचांत रिकामा हब किंवा नुसता एक्सल घट्ट बसवा. पाय ओट्याला समांतर ठेवून एक्सलच्या दोन्ही टोकांची ओट्यापासूनची उंची मोजा. फरक आला तर एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त मागे गेलाय. मग चिमटा पाव फेरा फिरवून एक पाय खाली, एक वर असा ठेवा आणि खालच्या खाचेची उंची लिहून घ्या. आता तो पालथा करून दुसऱ्या खाचेची उंची घ्या. दोन्ही आकडे सारखे हवेत. एक-दीड मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो. कारखान्यातूनही तेवढा आला असावा.

माझ्या चिमट्याचं निदान असं निघालं: नळी सरळ, दोन्ही पाय डोक्याखालून जवळजवळ सारखे मागे, खाचांपाशी अठरा मिलिमीटर. माझा ठोकताळा दोन बोटांचा. खाच दोन बोटांपेक्षा जास्त मागे गेली असेल तर सरळ करण्यात वेळ घालवू नये.

सरळ करणं

मेज जमिनीला किंवा भिंतीला पक्कं हवं आणि व्हाइस मेजाला. व्हाइसमध्ये फक्त डोकं धरा, दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या देऊन. नळी व्हाइसमध्ये दाबली की ती अंडाकृती होते, आणि मग हँडल कधीच नीट बसत नाही. पाय दाबले की चेपतात.

खाचांत जुना हब घट्ट आवळा, म्हणजे दोन्ही पाय बरोबर हलतील. ओढायला मी ट्रकवाले सामान आवळतात तो रॅचेटचा पट्टा वापरला: एक टोक हबला, दुसरं पोर्चच्या खांबाला. लोखंडी पाइप लावून झटका देणारे बघितलेत, पण झटक्यात किती वाकलं ते झटका बसल्यावरच कळतं. रॅचेट एकेक दात पुढे जातो. पट्ट्याच्या रेषेत कोणी उभं राहू नये, पोरांना आत पाठवा.

पोलाद लगेच वाकत नाही. आधी ते स्प्रिंगसारखं ताणलं जातं, सोडलं की जागेवर येतं. पहिल्यांदा पंधरा मिलिमीटर ओढून सोडलं तर चिमटा एक केसही हलला नव्हता. पुढच्या वेळी पंचवीस ओढलं, तेव्हा चार मिळाले. मग ओढ थोडी थोडी वाढवत नेली, प्रत्येक वेळी पट्टा सोडून मोजमाप. पाचव्या ओढीला पट्टी मानेच्या रेषेशी जुळली. पुढे जास्त वाकवून परत मागे आणायची वेळ येऊ देऊ नका, प्रत्येक उलटसुलट फेऱ्यात लोखंड थकतं. दोन मिलिमीटर कमी राहिले तर राहू द्या.

दोन्ही पाय रेषेत आले की एकट्या पायाचं बाजूला झुकणं काढा. त्यासाठी हब काढून हाताने किंवा पायांमध्ये लाकूड घालून, हळूच. शेवटी खाचा. दोन्ही खाचांत आठ मिलिमीटरचा एकेक लांब बोल्ट आतल्या बाजूला तोंड करून नटांनी आवळा, टोकं मध्यभागी जवळजवळ भिडतील असे. टोकाला टोक समोरासमोर आलं तर खाचा समांतर. एक वर एक खाली दिसलं तर त्या बाजूची खाच पान्याने धरून किंचित वळवा. ही पायरी बहुतेक दुकानांत गाळतात. तिरक्या खाचेत आवळलेला एक्सल वाकतो आणि हबमधले कोन (छर्रे ज्यावर फिरतात ते नट) झिजवतो, आणि गिऱ्हाईक वर्षभर "हब खराब आहे" म्हणत फिरतं.

सरळ झाल्यावर खडू-रॉकेलची तपासणी पुन्हा एकदा. आधी नव्हती ती रेघ आता उठू शकते.

बदलायचाच असेल तर

आमच्या वाड्यावर पाव घालणाऱ्या पोदेराची सायकल याच ओट्यावर तपासली, तर नळी डोक्यावरच वाकलेली. मागे पावांची टोपली, पहाटेचा अंधार, समोर कुत्रं. त्याला संध्याकाळच्या फेरीला सायकल हवी होती आणि "जराशी ठोकून द्या" म्हणत होता. मी माझी दुसरी सायकल दिली. कुणी चिमट्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी आधार-दांड्या मारून घ्यायला सुचवलं होतं. चांगल्या चिमट्यावर ओझ्यासाठी त्या ठीक आहेत, वाकलेली नळी त्यांनी सुधारत नाही.

नवा चिमटा घ्यायला जाताना जुना बरोबर न्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जा, मडगावच्या दुकानांत जा की बेळगाव गाठा, तोंडी वर्णनावर आणलेला चिमटा परत करावा लागतो. चाक २८ इंची की २६, हे तर बघाच. २८ × १½ ची रिम टायरच्या बैठकीला ६३५ मिलिमीटर व्यासाची, २६ × १३⁄८ ची ५९० ची. म्हणजे त्रिज्येत बावीस-तेवीस मिलिमीटरचा फरक, आणि तेवढ्यात ब्रेक रिमला पोचत नाही.

पण खरी मेख आट्यांत आहे. नॉटिंगहॅमच्या रॅलेने आपल्या एक इंची नळीला इंचाला २६ आटे ठेवले, इतर बऱ्याच ठिकाणी इंचाला २४. डोळ्यांना फरक दिसत नाही. पट्टी लावून अर्ध्या इंचातले आटे मोजा: तेरा भरले तर २६, बारा भरले तर २४. २४ची वाटी २६च्या नळीवर दीड-दोन फेरे गोड बसते आणि मग अडकते. तिथे पाना लावला की दोन्हींचे आटे गेले. जुन्या रॅलेला २४चा चिमटा घालायचा तर वरची वाटी आणि लॉकनटही त्याच चिमट्याचे घ्या.

त्यानंतर नळीची लांबी. डोक्यावरच्या रिंगच्या बैठकीपासून वरच्या टोकापर्यंत मोजा. थोडी लांब असेल तर वायसर घालून भागतं किंवा कापता येते. आखूड असेल तर नाही. जास्त लांब नळी घेऊन खालपर्यंत नवे आटे पाडून घ्यायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. आट्यांनी नळीची जाडी कमी होते, आणि हँडलचा पाचर आट्यांच्या भागात फुगला तर नळी तिथेच चिरते. पाचर नेहमी आटे संपतात त्याच्या खाली बसायला हवा. रिंगची बैठकही कॅलिपरने मोजा. जुन्या इंग्रजी चिमट्यांत ती साधारण २६.४ मिलिमीटर असते, दुसरीकडे २७ मिळते, आणि २६.४ची रिंग २७वर ठोकून बसवली तर फुटते.

दोन खाचांमधलं अंतर जुन्या रोडस्टरला नव्वद ते पंच्याण्णव मिलिमीटर, आजच्या सायकलींना शंभर. पायांचा पुढचा बाकही जुन्याशेजारी धरून जुळवा. बाक कमी असेल तर सायकल हँडलला वेगळी लागते आणि चपलेचा अंगठा पुन्हा मडगार्डला घासतो. रॉड ब्रेकचे गाइड बसतील अशी जागा आहे का, डोक्यात मडगार्डचं भोक आहे का, हेही तिथेच बघून घ्या.

परत जोडणी

जुनी रिंग काढताना दोन्ही बाजूंनी आळीपाळीने हलके ठोके द्या. नवी बसवताना नळीवर सरकेल असा पाइपचा तुकडा घेऊन त्यावरून ठोका, रिंग सगळीकडून सारखी बसते. वाट्या पुसून बघा. छर्‍यांनी खड्डे पाडले असतील तर वाट्या बदला, नाहीतर हँडल सरळ जागी "खट्" करून अडकत राहतं. छर्रे नवेच घाला, जुन्याच मापाचे. बऱ्याच सायकलींत ५⁄३२ इंचाचे निघतात. वाटी ग्रीसने भरून छर्रे त्यात चिकटवा, एका छर्‍याएवढी जागा रिकामी राहिली पाहिजे. गच्च भरले तर ते एकमेकांवर घासतात.

चिमटा आत घालण्यापूर्वी नळीत आणि पायांच्या खालच्या बारीक भोकांतून थोडं पातळ तेल सोडून चिमटा सगळीकडे कलवा. आमच्याकडे चिमटे आतूनच सडतात. हँडलच्या दांड्याला आणि पाचरालाही ग्रीस लावा, पुढच्या वेळी दोन रात्री थांबावं लागणार नाही.

वरची वाटी हाताने बसेपर्यंत फिरवा, मग वायसर, दिव्याचा ब्रॅकेट आणि लॉकनट. लॉकनट आवळताना वाटीही थोडी फिरते, त्यामुळे एकदा आवळून झालं की पुन्हा तपासा. पुढचं चाक उचलून सायकल कलवली की हँडल आपोआप त्या बाजूला पडायला हवं. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे ढकलली तर मानेत "टक्" लागता कामा नये. हँडलचा दांडा किमान अडीच इंच आत.

मग ब्रेक. रोडस्टरचे रबर रिमच्या आतल्या बाजूला, तारांकडे तोंड असलेल्या भागावर, खालून वर लागतात. चिमटा बदलला किंवा सरळ झाला की ती जागा हलते. गाइड सरकवून दोन्ही रबर एकाच वेळी टेकतील असे लावा आणि दांडी खुणेवर आणून आवळा. नव्या चिमट्यावर खूण चुकते, तेव्हा ब्रेक धरून लीव्हर हँडलला लागत नाही ना ते बघा.

पहिली फेरी अंगणात, हळू, एकदा ब्रेक जोरात मारून. दुसरी वाड्यावर. मी वाकलेल्या जागेवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ मारून ठेवली आहे, मानेच्या रेषेला समांतर. पन्नास किलोमीटर झाल्यावर मान पुन्हा आवळली आणि रेघेवर पट्टी ठेवून पाहिली. तेव्हापासून गाडी पुसताना दर महिन्याला पट्टी लावतो. पोदेराची सायकल चौथ्या दिवशी तयार झाली. नवा चिमटा काळा, फ्रेम हिरवी. रंग मारून देऊ का विचारलं, तर म्हणाला नको, रात्री लांबून ओळखू येते.